तिला कुणी विचारलं?



गेल्या पावसाळ्यात आमच्या केंद्रात एक आई आली. सोबत तिची एकोणीस वर्षांची मुलगी. बौद्धिक अक्षमता असलेली, शाळा सुटलेली. मुलीचं गर्भाशय काढावं अशी शिफारस करणारं पत्र आईला हवं होतं. "पाळी आली की तशीच फिरते, ताई. मी चार घरची धुणीभांडी करते. हिच्यापाशी कोण बसणार?" अर्धा तास आम्ही त्या मुलीबद्दल बोललो. तिच्याशी मात्र एक शब्दही बोललो नाही. समाजकार्यात एम.ए. केलेल्या माझ्या हे लक्षात आलं, ते त्या दोघी निघून गेल्यावर.

फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण हेच, पाळीची स्वच्छता. स्त्री संघटनांनी विरोध केला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. आपण त्या मुलींच्या बाजूने बोललो, ते योग्यच होतं. पण कुणाच्या बाजूने बोलणं वेगळं आणि तिला स्वतः बोलता यावं म्हणून खपणं वेगळं. हे दुसरं काम आपण फारसं केलेलं नाही.

कायदा मात्र पुढे आला आहे. चंदीगडच्या सरकारी संस्थेत बलात्कारातून गरोदर राहिलेल्या अशाच एका तरुणीला मूल हवं होतं. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रोखला आणि तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही, असं सांगितलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी शस्त्रक्रिया करता येत नाही. याच कायद्यातल्या मर्यादित पालकत्वात पालकाने त्या व्यक्तीसोबत, तिच्या इच्छेला धरून निर्णय घ्यायचा असतो. तिच्या जागी बसून नव्हे.

पण समजून-उमजून म्हणजे कसं? आम्ही त्या मुलीला पुन्हा बोलावलं, या वेळी तिच्याशी बोलायला. चित्रं काढली: पाळी, पॅड, दवाखाना, पोटावरचे टाके. एका वेळी एकच गोष्ट सांगितली आणि उत्तराची घाई केली नाही. ती सगळ्यालाच "हो" म्हणायची. मोठ्यांना "हो" म्हटलं की कुणी रागावत नाही, हे ती शिकली होती. म्हणून तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी उलटा करून विचारला, आई बाहेर बसलेली असताना. टाक्यांचं चित्र तिने दर वेळी दूर सारलं. रक्त म्हणजे जखम, असं तिला वाटत होतं. पाळी काय असते ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि पॅड कुठे असतात असं विचारल्यावर तिने वर बोट दाखवलं. ते माळ्यावर होते. तिचा हात तिथवर पोचत नव्हता.

पत्र आम्ही दिलं नाही. पॅड खाली आले. तीन महिन्यांत ती बहुतेक वेळा स्वतः पॅड बदलू लागली. कधी विसरते, आणि आई तेव्हा चिडते. त्या आईला निर्दय ठरवून आपल्याला मोकळं होता येणार नाही. मुलीपाशी कोण बसणार, हा तिचा प्रश्न खरा आहे आणि तो तिच्या एकटीचा नाही. वस्तीत दिवसभराची सोय मागणं हाही आपल्याच मागण्यांचा भाग असायला हवा.

आपल्या बैठकांना अशा मुली येतात, आईचा पदर धरून कोपऱ्यात बसतात. पुढच्या बैठकीत त्यांना काहीतरी विचारा. चहा हवा की सरबत, इथपासून सुरुवात करा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. चहा-सरबतातही जिचं मत कुणी घेतलं नाही, तिने दवाखान्यात अचानक "नको" म्हणावं, ही अपेक्षा कशी करायची? तुमचे अनुभव आम्हाला कळवा. फसलेले प्रयत्नही लिहा.