भिंग हवे, पण आधी दात कोरडा करा

दात ठणकल्याशिवाय आपल्या वस्तीत कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. लवंग दाढेखाली धरायची, मेडिकलमधून गोळी आणायची आणि रात्र काढायची. मग एक दिवस गाल सुजतो, रोजी बुडते आणि दात उपटावा लागतो. आम्ही परिचारिका म्हणून नोकरी करत होतो तेव्हा हे रोज पाहिले. वस्तीत काम करू लागल्यावर मनाला लागले ते हे, की यातले कितीतरी दात वेळीच पाहिले असते तर वाचले असते.

कीड एका रात्रीत लागत नाही. दातावरच्या थरातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताच्या कठीण कवचातले क्षार निघून जातात. सुरुवातीला खड्डा नसतो. हिरडीजवळ खडूसारखा पांढरा, निस्तेज डाग असतो. त्या वेळी फ्लोराइडची पेस्ट नेमाने वापरली, डॉक्टरांकडून फ्लोराइड लावून घेतले आणि गोड आवरले, तर कीड तिथेच थांबू शकते. दात कोरावा लागत नाही.

असे बारीक डाग दिसावेत म्हणून दंतवैद्य भिंगाचा चष्मा लावतात. त्याला लूप्स म्हणतात. त्यातून दात साधारण अडीच पट मोठा दिसतो. आपल्या शिबिरात मात्र मोबाइलच्या टॉर्चवर मिनिटाला एक तोंड तपासले जाते. ही तपासणी नव्हे, हजेरी झाली.

पण नुसते भिंग आणून भागत नाही. दात ओला आणि मळका असेल तर भिंगातून मळच मोठा दिसेल. आधी दात स्वच्छ करायचा, मग कोरडा करायचा, चांगला उजेड घ्यायचा आणि मग भिंग लावायचे. दोन दातांच्या फटीतली कीड पुष्कळदा भिंगालाही दिसत नाही, तिथे एक्स-रे लागतो. टोकदार सळईने डाग टोचून पाहणेही बरे नव्हे. कमकुवत झालेले कवच त्याने फुटू शकते.

दुसरा धोका याच्या उलट आहे. भिंगातून दाढेच्या खाचेतली प्रत्येक काळी रेघ ठळक दिसते. चहाचा, तंबाखूचा, मिश्रीचा डाग म्हणजे कीड नव्हे. दिसली रेघ की कोरला दात, असे झाले तर चांगला दात जातो आणि खिसाही रिकामा होतो. कोरलेला दात पुन्हा उगवत नाही.

म्हणून आमचे सांगणे आहे की विहारात शिबिर ठेवाल तेव्हा फलकापेक्षा दिवा, कापूस आणि भिंग आहे का ते आधी पाहा. माणसे कमी तपासली तरी चालतील, पण नीट तपासा. डॉक्टर ‘कीड आहे’ म्हणाले तर विचारा: खड्डा पडला आहे का? आरशात दाखवाल का? फ्लोराइड लावून थांबता येईल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

आणि मायबहिणींनो, महिन्यातून एकदा लेकराचा वरचा ओठ उचलून उजेडात पाहा. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे येणारी दाढ दुधाची नसते, ती जन्माची सोबतीण आहे. ती दुखायची वाट पाहू नका.