उसना चित्रपट व त्याचें भाडें

ग्रंथालयांतून नेलेलें पुस्तक वेळेवर व धड स्थितींत परत करावें, हें आमच्या शाळेंतील लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु चित्रपटही असाच उसना आणितां येतो, त्यास भाडें पडतें, आणि तें भाडें आनंदानें देणें हा विद्येच्या सेवेचा एक प्रकार आहे, ही गोष्ट पुष्कळांस नवीन वाटेल. वरच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, “चित्रपट शिक्षणाकरितां दाखवावयाचा, तर त्याचे पैसे कां मागावे?” प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचें उत्तर एका दूरदेशच्या उदाहरणानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल बांधवांची मायबोली जशी मराठी, तशी पूर्व यूरोपांतील बहुतेक यहूदी लोकांची मायबोली यिद्दिश. तिचें वळण जर्मन, तींत हिब्रू व स्लाव शब्दांची भर, आणि लिपि हिब्रू. १९३९ पूर्वीं ही भाषा बोलणारे एक कोटीहून अधिक लोक होते. पोलंडांत व अमेरिकेंत तींत बोलपटही निघत. १९३६ सालचा मॉली पिकन हिची प्रमुख भूमिका असलेला ‘यिडल मिटन फिडल’, १९३७ सालचा ‘डिबुक’, १९३९ सालचा मॉरिस श्वार्त्स यांचा ‘तेव्ये’, हे त्यांपैकीं नांवाजलेले होत. पुढें नाझी सत्तेनें सुमारें साठ लक्ष यहूदी लोकांची हत्या केली. त्यांत बहुसंख्य यिद्दिश बोलणारेच होते. कांहीं समाजांत ही भाषा आजही नांदते. परंतु ज्या गांवांत हे बोलपट पाहून लोक हंसले व रडले, त्या गांवांतील ते प्रेक्षक उरले नाहींत.

विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत ठेवावा असा त्यांतील एक चित्रपट आहे. १९३६ साली अलेक्झांडर फोर्ड यांनीं ‘मीर कुमेन ऑन’, म्हणजे ‘आम्ही येत आहों’, हा बोलपट केला. वार्सा शहराजवळ गरीब कामकऱ्यांच्या मुलांसाठीं मेडेम आरोग्यधाम होतें. क्षयाच्या छायेंत वाढलेलीं मुलें तेथें राहून बरीं होत, शिकत, गात, आणि आपला कारभार आपणच पाहण्यास शिकत. त्या संस्थेस द्रव्यसाहाय्य मिळावें म्हणून हा चित्रपट निघाला. पण पोलंडच्या सरकारनें त्याच्या प्रदर्शनास बंदी केली. १९४२ च्या ऑगस्ट महिन्यांत तेथील मुलांस व त्यांच्या शिक्षकांस ट्रेब्लिंका येथें नेऊन ठार करण्यांत आलें. आज त्या मुलांचे हंसरे चेहरे व त्यांचीं गाणीं पाहण्याऐकण्यास उरलीं तीं त्या फितीवर.

आतां फीत ही वस्तु किती नाशिवंत आहे, तें पाहा. त्या काळची नायट्रेटची फीत ज्वालाग्राही असे. पेटींत बंद करून ठेविली तरी ती हळूहळू कुजते व शेवटीं तिचा भुगा होतो. ‘राजा हरिश्चंद्र’ हा दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा चित्रपट आज आपणांस संपूर्ण पाहावयास मिळत नाहीं, त्याचा कांहीं भागच उरला आहे, हें आपण जाणतोंच. असेंच यिद्दिश चित्रपटांचें होऊं नये म्हणून १९७६ साली अमेरिकेंत, मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील ब्रँडाइस विद्यापीठाच्या आवारांत, शॅरन पकर रिव्हो यांच्या पुढाकारानें ‘नॅशनल सेंटर फॉर ज्युइश फिल्म’ ही संस्था निघाली. जोसेफ सायडन या निर्मात्याजवळच्या यिद्दिश चित्रपटांपासून तिच्या संग्रहाचा आरंभ झाला. जुनी फीत शोधावयाची, तिची टिकाऊ नक्कल करावयाची, इंग्रजी तळटिपा नव्यानें लिहावयाच्या, आणि मग ते चित्रपट शाळांस, महोत्सवांस व समाजगृहांस भाड्यानें द्यावयाचे, असें हें काम आहे.

यांत आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर आलें. भाडें म्हणजे त्या मुलांच्या हंसण्याची किंमत नव्हे. ती किंमत कोण ठरविणार? भाडें म्हणजे तें हंसें उद्यांही ऐकूं यावें म्हणून लागणारा खर्च. आज आपण दिलेल्या पैशानें उद्यां दुसरी एखादी फीत कुजण्यापूर्वीं वांचते. म्हणून घरीं पाहण्यासाठीं विकत घेतलेली तबकडी गुपचूप सभागृहांत लावणें, किंवा आलेल्या प्रतीची नक्कल करून ठेवणें, हें आम्ही अयोग्य समजतों. तारीख, स्थळ व प्रेक्षकांची संख्या आधीं कळवावी, ठरलें तितक्याच वेळां चित्रपट दाखवावा, व प्रत जशीच्या तशी परत करावी.

कोणी म्हणेल कीं, आपल्या देशाच्या १९५७ च्या कायद्यानें शाळेंत विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यापुरता चित्रपट दाखविण्यास मुभा दिली आहे. दिली आहे खरी, आणि ती योग्यच आहे. परंतु कायदा आपणांस परवानगी देतो; संग्रह सांभाळणाऱ्याचा खर्च तो भरून देत नाहीं. ज्याची ऐपत नाहीं त्यानें सवलत अवश्य मागावी. ज्याची आहे त्यानें सवलतीच्या आड लपूं नये.

दुसरा आक्षेप असा कीं, आज घरबसल्या हातांतील फोनवर चित्रपट दिसतो, मग सभा कशास भरवावी? आमचें मत असें कीं, जी भाषा बाजारांत व अंगणांत चार माणसांत बोलली गेली, ती चार माणसांतच ऐकावी. एकट्यानें पाहिलेला चित्रपट बंद केला कीं संपतो. सर्वांनीं मिळून पाहिला तर दिवे लागल्यावर मूल पालकांस विचारतें, “त्या मुलांचें पुढें काय झालें?” आणि कोणास तरी खरें सांगावें लागतें. त्या एका प्रश्नासाठीं सभागृह, खुर्च्या व भाडें हा सारा खर्च आम्हांस थोडा वाटतो.

पालकांस आमची इतकीच विनंति आहे कीं, शाळेनें असा एखादा चित्रपट भाड्यानें आणण्यासाठीं आठ आणे मागितले किंवा आजच्या हिशेबानें पन्नास रुपये मागितले, तर ती करमणुकीची वर्गणी समजूं नये. आणि विद्यार्थ्यांनीं स्मरावें कीं, उसनी आणलेली वस्तु परत करावयाची असते. पण तींत जें पाहिलें तें परत करतां येत नाहीं. तें आपणांजवळच राहतें, व तें सांभाळण्याची जबाबदारीही आपणांवर येते.