जपानी शिकावी, पण सगळ्यांनी मिळून



मला असे वाटते की, आपल्या शाळेत मोबाइलवरून जपानी भाषा शिकायला काहीच हरकत नाही. पण ती एकेकट्याने कानात इअरफोन घालून शिकू नये. सगळ्यांनी मिळून शिकावी. असे मला का वाटते, ते मी खाली सांगते.

पॉडकास्ट म्हणजे काय, असे पुष्कळ पालक विचारतात. तर पॉडकास्ट म्हणजे मोबाइलवरचा रेडिओच. पूर्वी आकाशवाणीवर शाळेसाठी कार्यक्रम लागत. सगळा वर्ग एका रेडिओभोवती बसून ऐकायचा, असे आजोबा सांगतात. पण रेडिओची वेळ चुकली की कार्यक्रम गेला. पॉडकास्ट जात नाही. तो कधीही लावा, थांबवा, मागे न्या, पुन्हा ऐका. आणि जिथे रेंज आहे तिथे एकदा डाउनलोड करून ठेवला की मग शेतात रेंज नसली तरी वाजतो. व्हिडिओपेक्षा त्याला नेटही कमी लागते. आपल्यासारख्या गावाला ही मोठीच सोय आहे.

आता जपानीच कशाला? दोराएमोन आणि शिनचॅन आपण हिंदीतून बघतो, पण ते मूळचे जपानचे. त्सुनामी हा शब्दही जपानी आहे. त्सु म्हणजे बंदर आणि नामी म्हणजे लाट. मुंबई ते अहमदाबाद जी बुलेट ट्रेन होणार आहे तीसुद्धा जपानच्या शिनकानसेन गाडीवरून घेतलेली आहे. ती गाडी जपानात १९६४ साली सुरू झाली. ‘तोत्तोचान’ हे पुस्तक मराठीत आहे. ते मूळ जपानीत तेत्सुको कुरोयानागी यांनी लिहिले आणि १९८१ साली छापले गेले. म्हणजे जपान लांब असला तरी त्याच्या गोष्टी आपल्या घरात आलेल्याच आहेत.

खेड्यातल्या मुलांना हे जमेल का, असे काहीजण म्हणतील. तर ऐका. औरंगाबाद जिल्ह्यात (आता त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे) गाडीवाट नावाचे गाव आहे. तिथली शाळा आपल्यासारखीच जिल्हा परिषदेची. कोणती परदेशी भाषा शिकायची, असे तिथल्या चौथी ते आठवीच्या मुलांना विचारले, तेव्हा पुष्कळांनी जपानी सांगितली. कारण त्यांना यंत्रमानव बनवायची आवड होती. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा ती मुले ऑनलाइन जपानी शिकली आणि त्यांची बातमी पेपरात आली. सगळ्यांकडे मोबाइल नव्हते. म्हणून त्यांनी ‘विषयमित्र’ केले. ज्याने धडा ऐकला त्याने तो दुसऱ्याला शिकवायचा. मला ही गोष्ट सगळ्यांत जास्त आवडली.

मोठी माणसे म्हणतात, “मराठी धड वाचता येईना, इंग्रजीचा पत्ता नाही, आणि म्हणे जपानी!” त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण मी थोडे धडे ऐकले तेव्हा माझ्या लक्षात आले की, जपानी ही मराठीला पुष्कळ जवळची वाटते. इंग्रजीपेक्षा जवळची. बघा:

आपण म्हणतो, मी पाणी पिते. इंग्रजीत आधी मी, मग पिते आणि शेवटी पाणी येते. जपानीत म्हणतात, “वाताशी वा मिझु ओ नोमिमासु.” वाताशी म्हणजे मी, मिझु म्हणजे पाणी आणि नोमिमासु म्हणजे पिते. क्रियापद शेवटी, आपल्यासारखेच. मधले वा आणि ओ हे शब्दाच्या मागे लागतात, जसे आपले ला, ने, चा हे प्रत्यय लागतात. आणि सर्वांत गंमत म्हणजे प्रश्न विचारायचा असला की शेवटी ‘का’ लावतात! “मिझु ओ नोमिमासु का?” म्हणजे “पाणी पिता का?” हा ‘का’ ऐकून आमची आजीसुद्धा हसली. म्हणाली, “अगं, हे तर आपलंच बोलणं.” फरकही आहे. आपल्याकडे मुलगा ‘पितो’ म्हणतो आणि मुलगी ‘पिते’ म्हणते. जपानीत दोघेही नोमिमासुच म्हणतात.

त्यांच्या स्वरांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ असा आहे आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व. आपल्या बाराखडीची आठवण येते ना? भारतातून गेलेली सिद्धम् लिपी तिथले बौद्ध भिक्षू शिकत होते, तिच्यावरून हा क्रम आला असे सांगतात. आणि त्सुनामीतला त्सु पुष्कळ परदेशी लोकांना म्हणता येत नाही. आपल्याला येतो. चूल, चमचा यातला च म्हणा, झाला त्सु!

मग यात मराठीचे नुकसान कुठे झाले? उलट प्रत्यय म्हणजे काय हे मला व्याकरणाच्या तासापेक्षा इथे जास्त समजले.

आता पॉडकास्टच का, नुसते पुस्तक का नको? कारण काही गोष्टी कानानेच कळतात. ‘ओबासान’ यातला बा आखूड म्हटला तर मावशी किंवा आत्या, आणि लांबवला तर आजी! आपल्याकडे दिन आणि दीन यात फरक आहे तसाच. ‘अमे’ म्हणजे पाऊस आणि ‘अमे’ म्हणजे चघळायची गोळी. टोकियोकडे पावसाच्या अमेत पहिल्या अक्षरावर आवाज उंच असतो, गोळीच्या अमेत दुसऱ्या. हे कागदावर कसे दिसणार? ऐकायलाच पाहिजे.

पण ऐकून सगळे येत नाही, हेही खरे. पॉडकास्ट बोलतो, पण आपले ऐकून घेत नाही. आपण चुकीचे म्हटले तरी तो पुढेच जातो. ऑनलाइन तासाला शिकवणारे असतात, पण पुष्कळ मुले एकदम असली की प्रत्येकाची पाळी येत नाही. म्हणून शेजारी कोणीतरी ऐकणारे पाहिजे. मी म्हणेन, तू ऐक. तू म्हण, मी ऐकते. एकट्याने इअरफोन घातला की हे होत नाही.

लिहिणेही ऐकून येत नाही. जपानीत हिरागाना आणि काताकाना अशा दोन लिप्या आहेत, दोन्हींची मूळ अक्षरे ४६–४६. शिवाय कांजी म्हणजे चित्रासारखी अक्षरे. रोजच्या वापराची २१३६ कांजी तिथल्या सरकारने ठरवली आहेत. तिथली मुले प्राथमिकच्या सहा वर्षांत १०२६ कांजी शिकतात, आणि पहिलीत ८०. कोणती रेघ आधी ओढायची हेसुद्धा ठरलेले असते. त्याला पाटी-पेन्सिलच पाहिजे. मोबाइलवर बोट फिरवून हात वळणार नाही.

काही जाहिरातींत थोड्या दिवसांत जपानी शिका आणि नोकरी मिळवा असे असते. त्यावर पालकांनी लगेच विश्वास ठेवू नये, असे मला वाटते. जपानी भाषेची जी परीक्षा आहे तिला पाच पायऱ्या आहेत. एन ५ सर्वांत सोपी आणि एन १ सर्वांत अवघड. ती जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, आणि आपल्या राज्यात पुण्यालाही होते. एकेक पायरी चढायला पुष्कळ दिवस लागतात. थेंबे थेंबे तळे साचे, तसेच हे आहे. आपण चौथीतली मुले आहोत. आपल्याला आत्ता नोकरी नको आहे. आपल्याला कळायला पाहिजे आहे.

आता जे लिहायला मला थोडी भीती वाटते ते लिहिते. पुष्कळ घरांत मोबाइल एकच असतो. तो दिवसभर वडिलांबरोबर शेतात किंवा कामावर जातो. संध्याकाळी घरी आला की आधी दादाच्या हातात जातो. दादा त्यावर गेम खेळला तरी चालते. मुलीने मागितला तर म्हणतात, “मुलींना कशाला पाहिजे मोबाइल? भांडी घासून घे.” आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलींचे असेच आहे. मग ऑनलाइन तास कितीही चांगला असला तरी तो आमच्यासाठी नसतोच. फुकट असूनही मिळत नाही. मोबाइल हातात आला की मुले बिघडतात, ही पालकांची भीती मला समजते. म्हणूनच मी म्हणते की, मोबाइल कोणाच्याच हातात देऊ नका. तो मध्ये ठेवा आणि सगळ्यांना ऐकू द्या.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली, आठवड्यातून दोन दिवस परिपाठ झाल्यावर पंधरा मिनिटे शाळेच्या स्पीकरवर जपानीचा धडा लावावा. एनएचके ही जपानची रेडिओ-टीव्हीची संस्था आहे. तिने हिंदीतून धडे केले आहेत. एका मालिकेत ४८ धडे आहेत आणि एकेक धडा दहा मिनिटांचा. म्हणजे दहा मिनिटे ऐकायचे आणि पाच मिनिटे जोडीने म्हणायचे. आठवड्याला दोन धडे धरले तर २४ आठवड्यांत मालिका पूर्ण होईल. दुपारी खिचडीला बसताना आपण श्लोक म्हणतो, त्याच्यानंतर “इतादाकिमासु” म्हणावे. जपानात जेवायच्या आधी असे म्हणतात. त्याचा अर्थ, हे अन्न मी नम्रपणे घेते.

दुसरी, गाडीवाटच्या मुलांसारखे विषयमित्र आपणही करावेत. जोडीत एक मुलगी असली तर एक मुलगा असावा. घरी मोबाइल असणाऱ्याने घरी नसणाऱ्याला शिकवावे.

तिसरी, ज्यांना चांगले जपानी येते त्यांनी मराठीतून धडे करावेत. हिंदी आणि इंग्रजीतून आहेत, पण त्या संस्थेने मराठीतून केलेले नाहीत. ‘का’ ला ‘का’ म्हणतात हे मराठी माणसाने मराठी मुलांना सांगितले तर किती सोपे जाईल!

पालकहो, तुम्ही शाळेत याल तेव्हा हा लेख वाचाल. घरी गेल्यावर एक करा. मोबाइल अर्धा तास जात्याशेजारी किंवा ओट्यावर, जिथे सगळ्यांना ऐकू येईल तिथे ठेवा. मुलगा आणि मुलगी दोघांना बसवा. तुम्हीही बसा. आणि धडा संपल्यावर मुलीला विचारा, “आज काय शिकलीस? म्हणून दाखव बरं.” तुम्हाला जपानी येत नसले तरी चालेल. ऐकणारे कोणीतरी असले म्हणजे बोलणाऱ्याला हुरूप येतो.



— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी