आकड्यांचे नेतृत्व कोणी करावे?

माहिती-विश्लेषण, म्हणजेच ज्याला आज सर्वत्र डेटा ॲनालिटिक्स म्हटले जाते, ते क्षेत्र आता आपल्या मुलामुलींना परके राहिलेले नाही. ग्रामीण विदर्भातील वसतिगृहांत राहून शिकलेली मुले पुण्यात, नागपुरात, हैदराबादेत याच कामावर आहेत. त्यामुळे पालक आम्हां माजी विद्यार्थ्यांना वारंवार विचारतात, या क्षेत्रात पुढे जायचे तर मुलाने काय शिकावे? बहुधा उत्तर मिळते ते एक्सेल, एसक्यूएल, पायथन असे. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. साधने शिकून माणूस चांगला कारागीर होतो. ज्याच्याकडे दहा-वीस विश्लेषकांचे नेतृत्व येते, त्याच्या अंगी मात्र आणखी एक गुण लागतो. आकड्याला जाब विचारण्याचे धैर्य आणि त्या आकड्यावर ज्याचे भवितव्य ठरते त्या माणसाला जाब देण्याची तयारी, असे त्या गुणाचे वर्णन आम्ही करू.

हा विषय धनजच्या शिवारापासून दूरचा आहे, असे कोणी समजू नये. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर टंचाईच्या सवलती ठरतात. महसूल मंडळातील मोजक्या शेतांत पीक कापणी प्रयोग होतात आणि त्यांतून निघालेल्या सरासरीवर शेकडो कुटुंबांच्या विम्याचा हिशेब होतो. आपला वाशिम जिल्हा तर २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. आरोग्य व पोषण, शिक्षण, शेती व जलस्रोत, वित्तीय समावेशन व कौशल्यविकास आणि मूलभूत सुविधा या पाच क्षेत्रांतील ४९ निर्देशकांवर देशातील अशा ११२ जिल्ह्यांची प्रगती मोजली जाते. आपण विश्लेषक होवो न होवो, आपले विश्लेषण रोज होतच आहे. ते करणाऱ्यांचा नेता कसा असावा, हे सांगण्याचा अधिकार म्हणूनच आपल्यालाही आहे.

याचा उत्तम वस्तुपाठ शोधायला आपल्याला संगणकाच्या युगापर्यंत यावे लागत नाही. १२ मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या आठच दिवस आधी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. त्यांनी आधार घेतला तो सरकारच्याच शिक्षण खात्याच्या अहवालाचा. अहवाल सर्वांसाठी खुला होता. बाबासाहेबांचे वेगळेपण त्यांनी त्या अहवालाला विचारलेल्या प्रश्नांत होते.

पहिला प्रश्न होता, शिकणारी ही मुले कोणाची? एकूण संख्येवर समाधान न मानता त्यांनी प्रत्येक वर्गाच्या लोकसंख्येशी ती ताडून पाहिली. प्राथमिक शाळेत पुढारलेल्या हिंदूंचे प्रमाण हजारी ११९, मुसलमानांचे ९२, मध्यम वर्गाचे ३८, आणि ज्यात अस्पृश्य व आदिवासी मोडत त्या मागास वर्गाचे अवघे १८. महाविद्यालयात हेच प्रमाण दोन लाखांमागे अनुक्रमे १०००, ५२, १४ आणि शून्य. दुसरा प्रश्न, आलेल्यांपैकी टिकले किती? शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोचत होती केवळ १८. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत लोटली जात होती. तिसरा प्रश्न, या गतीने सर्व मुले शाळेत यायला किती काळ लागेल? मुलग्यांसाठी ४० वर्षे आणि मुलींसाठी ३००, हे त्याचे उत्तर.

कोण, टिकले किती आणि कोणत्या गतीने, हे तीन प्रश्न आजही कोणत्याही कंपनीच्या वा शासनाच्या माहितीला लावून पाहावेत. सरासरी ही सभ्य दिसते, पण ती तळच्या माणसाला झाकून टाकते. चांगला नेता आपल्या सहकाऱ्यांना ती सरासरी फोडून पाहायला लावतो.

दुसरा धडा आकडा जन्माला येतो त्या जागेचा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. त्यापूर्वी, १९४० च्या दशकात, भारतातील पिकांचा अंदाज नमुना पद्धतीने कसा घ्यावा यावर ते काम करीत होते. कापणीसाठी शेतातील अगदी लहान तुकडा आखला, तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसते, असे त्यांनी दाखवून दिले. कारण साधे आहे. तुकडा लहान असला की क्षेत्राच्या मानाने त्याची कड मोठी ठरते आणि कडेवरची झाडे आत धरण्याकडे मोजणाऱ्याचा कल होतो. या प्रश्नावर प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाशी त्यांचा मतभेद झाला. तो त्यांनी पुराव्यानिशी मांडला.

यातून नेत्याने घ्यावयाचा बोध असा की, पडद्यावरील रंगीत आलेखाचे मूळ कोणाच्या तरी हातातील दोरी-खुंटीत असते. आशाताई, अंगणवाडी सेविका, तलाठी, कृषी सहायक यांनी जे लिहिले, त्यावरच पुढचा सारा डोलारा उभा राहतो. त्या हातांवर किती ओझे आहे आणि नोंद करताना त्यांना कोणती अडचण येते, हे ज्या प्रमुखाने जाऊन पाहिले नाही, त्याला आपल्या आकड्यांची किंमत कळलेली नाही.

तिसरी कसोटी वरिष्ठांसमोर लागते. जिथे प्रगतीवरून क्रमांक लागतात, तिथे क्रमांकासाठीच काम करण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. वजन न करताच बालकाचे वजन लिहिले, तर तक्ता सुधारतो. बालक सुधारत नाही. अशा वेळी ‘हा आकडा वाढला, पण त्यावर आमचा विश्वास बसत नाही’, असे वरिष्ठांना नम्रपणे आणि स्पष्टपणे सांगतो तो नेता. अप्रिय आकडा आणणाऱ्या कनिष्ठावर तो रागावत नाही, कारण आज त्याला गप्प केले तर उद्या खरे सांगायला कोणीच येणार नाही, हे तो जाणतो. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरू सांगतात एवढ्यावरून काही स्वीकारू नये, अनुभवाने पारखून घ्यावे, असे तथागतांनी कालामांना सांगितले. ‘प्रमुख म्हणतात’ आणि ‘संगणकाने सांगितले’ ही दोन्ही कारणे त्याच पंगतीत बसवावीत.

चौथी गोष्ट मर्यादेची. यादीतील प्रत्येक ओळ ही कोणाची तरी जात, आजार, कर्ज किंवा पगार असते. २०२३ साली संसदेने वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा केला, हे योग्यच झाले. पण कायदा सांगतो त्याच्याही अलीकडे थांबण्याची वृत्ती नेत्यापाशी हवी. जे विचारण्याची गरज नाही ते विचारू नये आणि विश्वासाने सांगितलेले दुसऱ्याच कामाला वापरू नये.

हे गुण महागड्या अभ्यासक्रमात मिळतात असे आम्हाला वाटत नाही. उलट, ज्यांनी शिष्यवृत्तीच्या यादीत आपले नाव शोधले आहे, एका कागदाअभावी प्रवेश अडकलेला पाहिला आहे, त्यांना आकड्यामागचा माणूस लवकर दिसतो. मात्र केवळ सोसल्याने कोणी नेता होत नाही. त्या अनुभवाला अभ्यासाची जोड द्यावी लागते. म्हणून विद्यार्थ्यांनी शाळेतच पर्जन्यमापक वाचावा, शिवारातील विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला नोंदवावी, आणि एकाच्या नोंदीची दुसऱ्याने शंका घ्यावी. यासाठी फळा, वही व एक जिज्ञासू शिक्षक पुरेसे आहेत.

आणि एक विनंती संस्थेला, आपलेपणाच्या हक्काने. स्मरणिकांत दहावीच्या निकालाची टक्केवारी छापण्याची प्रथा आहे आणि तिचा अभिमान आम्हांसही वाटतो. यापुढे त्या टक्केवारीशेजारी आणखी दोन आकडे छापावेत : त्या तुकडीत पाचवीला दाखल झालेली मुले व मुली किती, आणि त्यांपैकी दहावीच्या परीक्षेला बसली किती. मध्ये गळालेली मुले ऊसतोडीला गेली, वीटभट्टीवर गेली, की मुलगी लग्न होऊन सासरी गेली, हेही नाव न छापता नोंदवावे. तो आकडा कदाचित सुखद नसेल. पण गळालेल्यांपैकी एक मूल जरी त्या नोंदीमुळे पुढच्या वर्षी परत वर्गात बसले, तर बाबासाहेबांनी १९२७ साली विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यास आपण आपल्या घरापासून आरंभ केला, असे होईल.