गाणं झालं, हिशोब कुठाय?

मंडळी, एक सोपा प्रश्न. तुमचं सगळ्यात आवडतं चॅरिटी साँग कोणतं?

बहुतेक जण डोळे मिटून ‘वुई आर द वर्ल्ड’ म्हणतील. बरोबरच आहे. १९८५ साली इथिओपियाच्या दुष्काळासाठी चाळीसहून जास्त गायक एका रात्री एका स्टुडिओत जमले. आत शिरताना अहंकार बाहेर ठेवा, अशी पाटीच तिथे लावली होती म्हणे. आपल्याकडे अशी पाटी लावली तर अर्धे कलाकार पाटीवर आपलं नाव का नाही, म्हणून परत जातील!

असो. माझी लिस्ट जरा वेगळी आहे. त्यात गाण्याला पन्नास मार्क. उरलेले पन्नास, पैसे ज्यांच्यासाठी गोळा केले त्यांच्यापर्यंत पोचले का, याला. आणि बॉस, या दुसऱ्या पेपरात भलेभले गटांगळ्या खातात.

सुरुवात थेट देवघरातून. ‘ऐ मेरे वतन के लोगों’. २७ जानेवारी १९६३, दिल्लीचं नॅशनल स्टेडियम, समोर पंडित नेहरू. शब्द कवी प्रदीप यांचे, चाल आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांची आणि आवाज लताबाईंचा. नेहरूंचे डोळे पाणावले, ही गोष्ट आपल्याला आजीपासून सगळ्यांनी सांगितलेली असते. पुढची गोष्ट कोणी सांगत नाही. प्रदीप यांनी या गाण्याची रॉयल्टी युद्धात शहीद झालेल्या जवानांच्या पत्नींच्या निधीला देऊन टाकली होती. ती थकली. शेवटी मुंबई हायकोर्टाने रेकॉर्ड कंपनीला सांगितलं, दहा लाख रुपये निधीत भरा. साल? २००५! दरवर्षी २६ जानेवारीला गाणं चौकाचौकात वाजत होतं आणि पैसे यायला बेचाळीस वर्षं. तोवर प्रदीपही गेले होते, सी. रामचंद्रही.

दुसरा नंबर ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्क. पंडित रविशंकर यांनी आपला दोस्त जॉर्ज हॅरिसनला गळ घातली आणि अवघ्या काही आठवड्यांत मॅडिसन स्क्वेअर गार्डन दोनदा भरलं. सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर मुंबईचे आपले अल्लारखा. वाद्यं जुळवून झाली तर पब्लिकने टाळ्यांचा कडकडाट केला, त्यांना वाटलं हाच राग! तिकिटांचे जवळपास अडीच लाख डॉलर युनिसेफला लगेच गेले. खरा पैसा मात्र रेकॉर्डच्या विक्रीत होता आणि तो अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षं अडकला. का? करमाफीसाठी युनिसेफला आधीपासून सोबत घ्यायला हवं होतं, ते घाईत राहून गेलं. एक अर्ज, बस्स. निर्वासितांच्या छावण्यांतली पोरं तेव्हा उपाशी होती, त्यांना वर्षानुवर्षं थांबणं परवडणारं नव्हतं.

तिसरा किस्सा आपल्या अंधेरीचा. १ नोव्हेंबर १९९६, मायकल जॅक्सन! शो होता शिव उद्योग सेनेच्या मदतीसाठी, म्हणजे मराठी तरुणांच्या रोजगारासाठी. चॅरिटी म्हणून सरकारने करमणूक कर माफ केला आणि मुंबई ग्राहक पंचायत कोर्टात गेली. कराचे तीन कोटींहून जास्त रुपये लटकले. २०११ साली हायकोर्टाने सरकारला पुन्हा विचार करायला सांगितलं आणि करमाफीवर मंत्रिमंडळाची मोहोर उमटली जानेवारी २०२१ मध्ये. मधल्या काळात खुद्द मायकल २००९ साली गेला. ज्या तरुणांच्या नोकरीसाठी तो नाचला, त्यांची पोरं कॉलेजात पोचली.

मग फुल मार्क कोणाला? लताबाईंनाच. कपिलच्या टीमने १९८३ चा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा बोर्डाकडे खेळाडूंना बक्षीस द्यायला पैसे नव्हते (आजच्या आयपीएलवाल्या पोरांना हे सांगून बघा!). ऑगस्टमध्ये दिल्लीत लताबाईंचा कार्यक्रम झाला. मानधन शून्य. वीस लाख जमले, प्रत्येक खेळाडूला एक लाख मिळाले. विषय संपला. कशासाठी, कोणाला, किती हे आधीच ठरलेलं असलं की हिशोब पोस्टकार्डावर मावतो.

आता म्हणाल, हे हिशोबाचं खूळ तुझ्या डोक्यात शिरलं कुठून? पळसदरीतून. कर्जतला खोपोली लोकल पकडली की पहिलंच स्टेशन. धबधबे, इंग्रजांच्या काळात रेल्वेच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव, स्वामी समर्थांचा मठ. आमचा ऑफिसचा ग्रुप दर पावसाळ्यात तिकडे जातो. एका वर्षी टूम निघाली, मित्राच्या फार्महाऊसच्या पडवीत मैफल करू. तिकीट पाचशे, जमतील त्या पैशांत जवळच्या वाडीतल्या शाळेला वह्या आणि दप्तरं. एकाने पोस्टरसुद्धा डिझाइन करून टाकलं.

आमच्यातली एक सीए आहे. ती म्हणाली, “आधी शाळेत विचारा तरी!”

गेलो. बाईंनी चहा दिला, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “वह्या दर जूनला येतात हो. लोक वाटतात, फोटो काढतात, जातात. आमचं लाइटबिल थकलंय, मीटर काढून नेलाय. कॉम्प्युटरवर फडकं टाकून ठेवलंय. पण बिल भरतानाचा फोटो चांगला येत नाही ना!”

परतीच्या लोकलमध्ये जाम वाद झाला. पोस्टरवर काय लिहायचं, ‘या, लाइटबिलासाठी गाऊ या’? शेवटी तेच लिहिलं. अडतीस जण आले. जुनी फिल्मी गाणी, एक नाट्यगीत, दोन गिटारी आणि बाहेर धो धो पाऊस. वडापाव आणि माइकचा खर्च आम्ही आपसात वाटून घेतला, त्यामुळे एकोणीस हजारांतला रुपयाही इकडेतिकडे गेला नाही. थकबाकी फिटली, मीटर परत आला, उरलेले पैसे पुढच्या बिलांना. ग्रुपवर फोटो आला तो फक्त पावतीचा. माझ्या मोबाइलमध्ये तो अजून आहे.

तेव्हापासून चॅरिटी शोचं तिकीट काढण्याआधी मी तीन प्रश्न विचारतो. पैसा कोणाला? त्यातून खर्च किती कापणार? आणि पावती कोणाच्या नावाची? नव्या करप्रणालीत ८०जी ची वजावट मिळत नाही, तरीही पावती मागा. ती टॅक्ससाठी नाही, त्यांना सवय लागावी म्हणून.

आणि हे तिन्ही प्रश्न जिथे विचारावेच लागत नाहीत, असा शो ऐकायचा असेल तर ‘स्वरानंदवन’ शोधा. डॉ. विकास आमटे यांनी उभा केलेला आनंदवनाचा ऑर्केस्ट्रा. गाणारे, वाजवणारे, नाचणारे सगळे कुष्ठरोगातून बरे झालेले, अंध, मूकबधिर, अपंग कलाकार. इथे स्टार येऊन गरिबांसाठी गात नाही. ज्यांच्यासाठी पैसे गोळा व्हायचे, तेच स्टेजवर उभे राहून आपल्या गावासाठी कमावतात. तुमच्या शहरात आले तर तिकीट काढून जा.

हो, पासवर नाही. तिकीट काढून!