थर्माकोलची पवनचक्की आणि आपला पत्रा



विज्ञान प्रदर्शन आलं की थर्माकोलच्या पवनचक्क्या टेबलावर येतात. पाती बॅटरीवर फिरतात, मुलं पाठ केलेलं म्हणतात, आपण टाळ्या वाजवतो. वाऱ्यावर चालायची ती चक्की बॅटरीवर चालते, हे कुणालाच खटकत नाही. मला खटकतं.

खऱ्या पवनचक्कीत संशोधन कशावर चालतं, ते मुलांना सांगा. मोठा प्रश्न आहे मनोऱ्याच्या उंचीचा. वर जावं तसा वारा वाढतो आणि वेग दुप्पट झाला तर त्याची शक्ती आठपट होते. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्राची पवनक्षमता १२० मीटर उंचीवर सुमारे ९८ गिगावॅट, तर १५० मीटरवर सुमारे १७४ गिगावॅट आहे. पण उंच मनोऱ्याला बुंधा रुंद लागतो, पोलाद वाढतं आणि तेवढं रुंद नळकांडं रस्त्यावरच्या पुलाखालून जात नाही. म्हणून पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनने २०१४ मध्ये कच्छमध्ये १२० मीटरचा मनोरा उभारला, तो खाली जाळीदार आणि वर नळीसारखा. जाळीचे भाग सुटे नेता येतात. अडचण ओळखायची, मोजायची, वाट काढायची. संशोधन म्हणजे एवढंच.

मग आपल्या अक्कलकोटची अडचण कोणती? उन्हाळा! पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखाली पोरं पेंगतात. जुनं माळवद गार असायचं, कारण जाड मातीतून उष्णता आत यायला संध्याकाळ व्हायची. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची जड घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. जड छताची धास्ती आपल्या भागानेही घेतली. पत्रा हलका खरा, पण तापतो. छत हलकंही हवं आणि गारही, हे कसं जमायचं?

उष्णतारोधक पदार्थांचं संशोधन याच प्रश्नाभोवती फिरतं. काचलोकर असो वा फोम, उष्णता अडवते ती आत कोंडलेली, न हलणारी हवा. वाहती हवा वीज देते, थांबलेली हवा गारवा राखते. आणि गंमत बघा, ज्या थर्माकोलची आपण चक्की कापतो, त्यात जवळजवळ सगळी हवाच असते!

तेव्हा यंदा एवढं करा. चार सारखी खोकी घ्या, प्रत्येकावर पत्र्याचा तुकडा ठेवा. एक तसंच राहू द्या. दुसऱ्यात पत्र्याखाली थर्माकोल लावा, तिसऱ्यात उसाचं पाचट, चौथ्याच्या पत्र्याला वरून चुना फासा. उन्हात ठेवून दर अर्ध्या तासाला आतलं तापमान मुलांना लिहू द्या. पाचट पेट घेतं, त्याला वाळवी लागते, चुना पावसात धुऊन जातो, हेही त्यांनाच शोधू द्या.

“देखणं मॉडेल नसेल तर नंबर येत नाही,” असं पालक म्हणतील. खरंय. पण नंबर देणारे आपणच आहोत ना? तापमानाच्या वहीला एकदा पहिला नंबर देऊन तर बघा.