देव कोणत्या स्वभावाचा?

बाजारांत घबराट उठली म्हणजे जो तो एकच गोष्ट विचारूं लागतो : अमक्याची पत कशी आहे? त्या वेळीं कोणाच्या वह्या उघडून पाहण्यास सवड नसते, आणि परक्याच्या तिजोरींत काय आहे हें दिसतहि नाहीं. मग आपण त्या गृहस्थाचा स्वभाव आठवूं लागतों. मागच्या मंदींत त्यानें शब्द पाळला होता काय, अडलेल्या कुळास त्यानें नाडलें होतें कीं सांभाळून घेतलें होतें, हें मनांत आणून आपण ठरवितों कीं, याच्यापाशीं ठेवलेली रक्कम बुडणार नाहीं. ज्याचा स्वभाव लोकांस ठाऊक आहे त्याची हुंडी पडत्या काळांतहि वटते. ज्याचा ठाऊक नाहीं त्याच्या दारापुढें ठेवीदारांची रांग लागते.

साथ, दुष्काळ, महापूर, युद्धाची वार्ता अशा प्रसंगीं मनुष्य देवाविषयींहि हाच प्रश्न विचारतो. मात्र तो मोठ्यानें विचारीत नाहीं. देव आहे कीं नाहीं हा वाद बहुधा निश्चिंत लोक फावल्या वेळीं करीत असतात. घरांत दोन माणसें तापानें पडलीं आहेत, दुकानाला कुलूप आहे आणि उद्यां काय होईल हें कोणीहि सांगूं शकत नाहीं, अशा रात्रीं मनाला टोंचणारा प्रश्न निराळा असतो. ज्याच्या हातीं आपण आहों तो कोणत्या स्वभावाचा आहे? आम्हांस असें वाटतें कीं, या प्रश्नाचें जें उत्तर मनुष्य मनांत धरून बसतो त्यावर त्याचें संकटांतील वर्तन पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. म्हणून हा विषय केवळ कीर्तनपुराणांचा नव्हे. गांवाच्या आरोग्याचा, बाजारांतील नीतीचा व शेजारधर्माचाहि आहे.

या प्रश्नाचें एक उत्तर आमच्या भाषेनेंच पूर्वीं देऊन ठेविलें आहे. ज्या रोगानें असंख्य मुलें दगावलीं, कित्येक जन्माचीं आंधळीं झालीं, त्याला आम्ही 'देवी' म्हणत आलों. पटकीच्या मागें 'मरीआई' उभी आहे असें मानीत आलों. रोगाला देवतेचें नांव देण्याचा अर्थ उघड आहे. देवता रागावली आहे, तेव्हां तिचा राग कसातरी काढला पाहिजे! तिला कोंबडें-बकरें द्यावें, नवस बोलावा. आणि एवढ्यानेंहि भागलें नाहीं तर मरीआईचा गाडा सजवून तो वाजतगाजत आपल्या शिवेपलीकडे नेऊन सोडावा, अशी चाल पुष्कळ खेड्यांत होती. शिवेपलीकडे काय होतें? तेथें दुसरें गांव होतें, आणि त्या गांवांतहि लेंकुरवाळीं माणसें राहत होतीं. तीं बिचारीं तोच गाडा पुढल्या शिवेकडे ढकलीत. भीतीच्या देवाची सारी नीति या एका गाड्यांत भरलेली आहे. ज्याचा देव लहरी आणि खुनशी, त्याला देवाचा सहवास नको असतो, त्याच्या हातून सुटका हवी असते. आणि ती सुटका शेजाऱ्याच्या जिवावर झाली तरी त्याची त्यास खंत वाटत नाहीं.

शिवाय लहरी देवतेच्या कोपाला कारण नसतें. म्हणून तें शोधावें असेंहि कोणास वाटत नाहीं. ज्यांनीं कारण शोधलें त्यांनीं माणसें वांचविलीं. १८८४ सालीं कॉख या जर्मन वैद्यानें कलकत्त्यास पटकीचा जंतु ओळखून दाखविला. १८९८ सालीं सिमाँ या फ्रेंच वैद्यानें कराचींत प्रयोग करून प्लेगच्या प्रसारांत उंदरांवरील पिसवांचा हात असल्याचें दाखवून दिलें. देवीच्या रोगावर तर लसीनें असा विजय मिळविला कीं, तो पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें १९८० सालीं जाहीर केलें. या शोधांनीं देवाचा अधिकार कमी झाला असें ज्यांस वाटतें त्यांनीं क्षणभर विचार करावा. सृष्टि नियमानें चालते व ते नियम शोधणारी बुद्धि देवानेंच मनुष्यास दिली असें मानण्यांत देवाचा अपमान आहे, कीं तान्ह्या मुलाच्या अंगावर फोड उठवून बकऱ्याची वाट पाहत बसणारी कोणी देवता आहे असें मानण्यांत आहे?

परंतु हा गाडा अडाणी खेडवळांचाच होता असें समजून शहरांतील सुशिक्षितांनीं स्वस्थ बसूं नये. २०२० सालीं करोनाची साथ आली तेव्हां रुग्णालयांत राबणाऱ्या डॉक्टरांना व परिचारिकांना आपल्या जागेंतून निघून जाण्यास सांगणारे घरमालक देशांतील मोठमोठ्या शहरांत निघाले. २०२१ च्या उन्हाळ्यांत लोक प्राणवायूच्या नळकांड्यांसाठीं दारोदार फिरत असतां रेमडेसिवीरच्या कुप्यांचा काळाबाजार झाला. हें करणारे लोक शिकलेले होते. त्यांच्या घरीं देव्हारेहि असतील. आपल्या दारचें संकट दुसऱ्याच्या दारीं लोटावें, आणि जमल्यास त्यांत चार पैसे गांठीस मारावे, ही त्यांची रीत होती. गाडा तोच होता. त्यावर कुंकू तेवढें नव्हतें.

आतां दुसरें उत्तर पाहूं. तें देणारा पुरुष आमच्या व्यापारी वाचकांचा व्यवसायबंधु होता. देहूच्या तुकोबांच्या घराण्यांत महाजनकी व वाणीपणाचा धंदा चालत आलेला होता. १६३० सालापासून दोनतीन वर्षें गुजराथ व दख्खन यांवर जो भयंकर दुष्काळ कोसळला, त्यांत गांवेंच्या गांवें ओस पडलीं. त्या दुष्काळांत तुकोबांचें दिवाळें निघालें, आणि त्यांची पहिली पत्नी अन्न अन्न करीत मरण पावली, हें त्यांनीं स्वतःच आपल्या अभंगांत नमूद करून ठेविलें आहे. मुलगाहि गेला असें चरित्रकार सांगतात. ऐन उमेदीच्या वयांत धन, मान व घर हीं तिन्ही एकाच झपाट्यांत गेलीं. यापेक्षां भयंकर आणि अनिश्चित काळ कोणाच्या वांट्यास यावयाचा?

अशा वेळीं दोन वाटा सोप्या असतात. देव कोपला आहे असें समजून त्याचें तोंड गोड करीत सुटावें, ही एक; किंवा वर कोणीहि वाली नाहीं, तेव्हां उरलेल्या कर्जखतांच्या जोरावर ऋणकोच्या घरादारावर जप्ती आणावी व आपली तूट भरून काढावी, ही दुसरी. तुकोबांनीं यांपैकीं एकहि वाट धरली नाहीं. मोडकळीस आलेलें विठ्ठलाचें देऊळ त्यांनीं नीट केलें, आणि परंपरा अशी सांगते कीं, घरांतील कर्जखतें काढून त्यांनीं धाकटा भाऊ कान्होबा याचा अर्धा वांटा त्याच्या स्वाधीन केला व आपल्या वांट्याचे कागद इंद्रायणींत बुडविले. भावाच्या वांट्याला त्यांनीं हात लाविला नाहीं, हें व्यापाऱ्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. दुसऱ्याच्या पैशानें उदार होणारा हा पुरुष नव्हता.

भ्यालेला मनुष्य कागद जपतो, उशाखालीं घेऊन निजतो. ज्यानें ते हातानें नदींत सोडले त्याच्या मनांतील भीतीची जागा दुसऱ्या कशानें तरी घेतली असली पाहिजे. संतांनीं विठोबास पंढरीचा राणा म्हटलें खरें. पण हांक मारण्याची वेळ आली म्हणजे त्यांच्या तोंडीं 'विठाई' आणि 'माउली' हींच नांवें आलीं. राण्याची मर्जी केव्हां फिरेल याचा नेम नसतो. आईच्या स्वभावाविषयीं लेंकराला तशी शंका येत नाहीं. ही खात्री एकदां मनांत बसली म्हणजे संकट टळतें असें नाहीं. तें होतें तसेंच राहतें. परंतु संकटाच्या आड कोणी वैरी दबा धरून बसला आहे ही धास्ती निघून जाते, आणि ती धास्ती गेली कीं मनुष्याचे हात दुसऱ्याच्या उपयोगी पडावयास मोकळे होतात. देवाच्या स्वभावावर भरंवसा ठेवणें याचा अर्थ आम्ही एवढाच समजतों.

या भरंवशाची एक खोटी नक्कल बाजारांत फार खपते; तिच्यापासून वाचकांनीं सावध राहिलें पाहिजे. 'देवाच्या भक्ताला साथ शिवत नाहीं' असें म्हणून गर्दींत शिरणें, लस नाकारणें, पथ्य मोडणें यांस कित्येक लोक श्रद्धा म्हणतात. आमच्या मतें हा निव्वळ सौदा आहे. मी तुझें नांव घेतों, तूं माझा विमा उतरव, असा हा करार. आणि देवानें त्या करारावर सही केल्याचें कोणीं पाहिलेलें नाहीं. खऱ्या वारकऱ्यांचें वर्तन याहून किती निराळें! २०२० सालीं आषाढीची पायीं वारी झाली नाहीं. संतांच्या पादुका एस. टी. च्या गाड्यांतून मोजक्या लोकांसह पंढरीस गेल्या, आणि १ जुलै रोजीं एकादशीच्या दिवशीं लाखों वारकरी आपापल्या घरींच राहिले. ज्यांच्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या वारी चुकली नव्हती त्यांस तें किती जड गेलें असेल! तरी आपण पंढरीस न गेल्यामुळें विठोबा कोपेल, असें भय त्यांनीं धरलें नाहीं. घरीं राहून शेजाऱ्याचा जीव राखणें हें त्या वर्षींचें व्रत होतें, आणि तें त्यांनीं पाळलें.

आणि भरंवसा म्हणजे विमा असता, तर सावित्रीबाई फुल्यांचें काय? १८९६ सालीं मुंबईंत शिरलेला प्लेग पुढल्या वर्षाच्या आरंभीं पुण्यांत पसरला. लोक दुखणेकऱ्यांस लपवीत होते, आणि ज्यांस शक्य होतें ते गांव सोडून चालले होते. सावित्रीबाईंचें वय त्या वेळीं सहासष्ट वर्षांचें होतें. जोतीरावांस जाऊन सहा वर्षें लोटलीं होतीं. तरी डॉक्टर मुलगा यशवंतराव यांस हाताशीं घेऊन त्यांनीं शहराबाहेर रोग्यांची सोय केली, स्वतः त्यांची शुश्रूषा केली, आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. सर्व माणसांस सारख्याच मायेनें निर्माण करणारा एक निर्मिक आहे, त्याच्या-आमच्यामध्यें दलाल नको, अशी सत्यशोधकांची शिकवण होती. त्या शिकवणींत सूट नव्हती, अभय नव्हतें. रोग्याच्या अंथरुणाजवळ जाण्याची आज्ञा मात्र होती. त्या पंथाच्या माउलीनें ती अक्षरशः पाळली.

येथें कोणी विचारील कीं, देव दयाळु असतां सावित्रीबाई कां गेल्या? तुकोबांची पत्नी अन्नावांचून कां मेली? याचें उत्तर आम्हांपाशीं नाहीं. आणि तें आपल्यापाशीं आहे असें सांगत फिरणाऱ्यांवर आमचा विश्वासहि नाहीं. ज्याच्या घरांतून नुकतीच तिरडी उठली त्याच्यापुढें पूर्वजन्मीच्या पापाचा पाढा वाचणें हें धर्मज्ञान नसून क्रौर्य आहे. शोक करणाऱ्यास शोक करूं द्यावा. त्यास देवाशीं भांडावेंसें वाटलें तर भांडूंहि द्यावें. तुकोबा विठोबाशीं किती भांडले हें त्यांची गाथा वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. ज्याच्या स्वभावाची खात्री असते त्याच्याशींच मनुष्य भांडतो. लहरी अंमलदाराशीं कोणी भांडत नाहीं. त्याला नजराणा देऊन मोकळा होतो.

देव न मानणारेहि अनेक सज्जन २०२० व २०२१ सालीं रुग्णांच्या सेवेंत रात्रंदिवस झिजले, आणि त्यांनीं कोणाच्या शिवेंत गाडा लोटला नाहीं. त्यांस आमचा आदरपूर्वक नमस्कार असो. आमचें आजचें बोलणें मुख्यतः देवाचें नांव घेणाऱ्या आम्हां लोकांविषयीं आहे. पुढलें संकट केव्हां आणि कोणत्या रूपानें येईल हें सांगतां येत नाहीं. पण तें येईल हें निश्चित. त्या दिवशीं आमचा देव कोणत्या स्वभावाचा आहे हें आमच्या स्तोत्रांवरून कळणार नाहीं. दुकानांतील धान्य दडवून भाव चढेपर्यंत आम्ही थांबलों काय, कामावर येऊं न शकलेल्या नोकराचा पगार कापला काय, आजारी शेजाऱ्याच्या दाराशीं शिधा ठेविला कीं आपलें दार लावून घेतलें, ऐकलेली अफवा पुढें ढकलली कीं आपल्यापाशींच थांबविली, यांवरून तें कळेल. ज्याचें देणें फेडणें खरोखरच अशक्य झालें आहे अशा एखाद्या ऋणकोचा कागद आमच्याहि कपाटांत पडलेला असेल. सारे कागद नदींत बुडवा असें आम्ही म्हणत नाहीं. तेवढी योग्यता आमचीहि नाहीं. पण त्या एका कागदाकडे संकटकाळीं पुन्हां एकदां पाहावें, इतकें तरी कोणासहि करतां येण्यासारखें आहे.

नवी वही घालतांना आपण तिच्या पहिल्या पानावर मोठ्या भक्तीनें 'श्री' लिहितों. ज्याचें नांव पहिल्या पानावर लिहिलें, त्याचा स्वभाव पुढल्या पानांवरील जमाखर्चांत दिसावा, एवढेंच आमचें मागणें आहे.